‘हो’ कोण म्हणालं? – एका बँक-चोरीतून सायबर सुरक्षेची ओळख

गणपतीत आरतीनंतर मंडळाच्या हॉलमध्ये प्रसाद वाटत होतो. बारावीतला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “काका, मला हॅकर व्हायचंय. कोणता कोर्स करू?” मागेच त्याची आई उभी होती. तिने हळूच विचारलं, “यात करतात तरी काय हो नक्की? पोलिसांची भानगड नाही ना काही?”

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींची उत्तरं मोदकाचं ताट हातात धरून देण्यासारखी नव्हती. म्हणून हे लिहितोय. कोर्सची यादी शेवटी येईलच, पण आधी एक गोष्ट. ती आपल्या पुण्याची आहे आणि घडून गेलेली आहे.

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक, स्थापना १९०६ची. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांचं खातं जिथे असेल अशी ही बँक. त्या दिवशी काही तासांच्या आत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून या बँकेच्या कार्डांवर पैसे निघू लागले. परदेशात साधारण १२ हजार व्यवहार झाले आणि सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतात, म्हणजे कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या एटीएममधूनही, २,८०० च्या वर व्यवहारांत अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशव्यवस्थेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आता गंमत बघा (बँकेसाठी ती गंमत नव्हती). एवढे पैसे गेले, पण एकाही खातेदाराच्या खात्यातून एक रुपया कमी झाला नाही. मग पैसे गेले कुठून? आणि एटीएमने ते दिले कसे? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट समजली, तर सायबर सुरक्षेचा अर्धा विषय समजला म्हणायला हरकत नाही.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मनाने पैसे देत नाही. ते विचारतं. यंत्राचा प्रश्न व्हिसा किंवा रूपे यांच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे जातो. स्विच पुढे बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, विचारतो: हे खातं आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का? तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं आणि त्याच वाटेने परत एटीएमपर्यंत पोचतं. काही सेकंदांचा मामला.

जुन्या किराणा दुकानाची कल्पना करा. गल्ल्यावरचा पोऱ्या प्रत्येक उधारीला आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, “शेठ, जोशीकाकूंना पाच किलो साखर देऊ का?” शेठ वही बघतात आणि म्हणतात, “दे.” आता समजा, कुणीतरी मधल्या पडद्यामागे येऊन बसलं. शेठपर्यंत आवाज जाऊच देत नाही आणि प्रत्येक हाकेला शेठच्या आवाजात म्हणतं, “दे, दे.” पोऱ्या साखर देत सुटतो. वहीत नोंद नाही, जोशीकाकूंच्या नावावर उधारी नाही. शेठना कळतं ते संध्याकाळी पोती मोजल्यावर.

कॉसमॉसमध्ये झालं ते थोडक्यात असंच. चोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक प्रोग्राम घुसवला, खऱ्या स्विचच्या जोडीला स्वतःचा एक खोटा स्विच उभा केला आणि कोअर बँकिंगकडे जाणारा रस्ता तोडला. त्यानंतर बनावट कार्डांवर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच मिळत गेलं. मुख्य वहीला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून खातेदारांच्या शिल्लका जशाच्या तशा राहिल्या. तोटा झाला तो बँकेचा स्वतःचा.

या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात तीन शब्द भेटतात: गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. परीक्षेसाठी पाठ करायला सोपे, पण कोरडे. वरच्या गोष्टीत ते भरून बघा. कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागली, ती गोपनीयता गेली. बँकेच्या नावाने येणारं उत्तर बँकेचं नव्हतंच, ती अखंडता गेली. आणि चोरीनंतर खबरदारी म्हणून बँकेला आपली एटीएम आणि नेटबँकिंग सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली, ती उपलब्धता. शेवटची चोरांनी हिरावली नाही, बँकेनेच थांबवली, पण खातेदाराच्या दृष्टीने परिणाम तोच.

माझ्या मते या तिघांत आपण सर्वात कमी विचार करतो तो मधल्याचा. ‘माझा पासवर्ड कुणाला कळला तर?’ ही भीती सगळ्यांना आहे. पण ‘मला आलेला हा निरोप खरंच त्याच माणसाचा आहे का, आणि वाटेत तो बदलला तर नाही ना?’ हा प्रश्न कुणाला सहसा पडत नाही. आजीला ‘तुमचा नातू पोलीस ठाण्यात आहे’ असा फोन येतो, किंवा ‘वीज आज रात्री तोडली जाईल’ असा मेसेज येतो, तेव्हा प्रश्न हाच असतो. पडद्यामागून बोलणारा शेठ आहे की दुसरंच कुणी?

निरोप बदलला की नाही हे ओळखण्याचं एक सुंदर साधन आहे, त्याला हॅश म्हणतात. कितीही मोठा मजकूर द्या, एक ठरावीक लांबीचा आकडा-अक्षरांचा गुच्छ बाहेर पडतो, बोटाच्या ठशासारखा. मजकुरात एक मात्रा बदलली तरी गुच्छ पूर्ण बदलतो. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा आहे, विंडोजवर ‘सर्टयुटिल’. दोन्ही फुकट, आधीपासून संगणकात असलेल्या.

मराठी मुलांसाठी यात एक खास प्रयोग आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. ‘दऱ्या’ हा शब्द, म्हणजे दरीचं अनेकवचन, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरलं जातं. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. आजोबांना दाखवा, चष्मा पुसूनही त्यांना फरक दिसणार नाही. पण संगणकाच्या लेखी आत साठवलेले आकडे वेगळे आहेत, त्यामुळे दोघांचे हॅश पूर्ण वेगळे येतात. ‘डोळ्यांना सारखं’ आणि ‘यंत्राला सारखं’ यातली ही फट म्हणजे या क्षेत्रातल्या कितीतरी फसवणुकींची जागा.

२०१७ मध्ये एका संशोधकाने हीच फट वापरून ॲपल कंपनीच्या संकेतस्थळासारखाच दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. त्यातली अक्षरं रोमन नव्हती, रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतली होती, पण काही ब्राउझरांत पत्ता हुबेहूब खरा दिसत होता. त्याने तो चोरीसाठी नाही, धोका दाखवण्यासाठी नोंदवला आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना कळवलं. आता देवनागरीत पत्ते मिळतात, ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून आहे. आणि आपल्या लिपीत ‘ख’ आणि ‘रव’ ही जोडी आहेच. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांचा घोळ छापखान्याच्या काळापासूनचा, म्हणून तर छापील ‘ख’चे दोन्ही भाग खाली जोडायची पद्धत आली. संगणकाच्या छोट्या फॉन्टमध्ये हा घोळ पुन्हा डोकं वर काढतो. मराठीतले फसवे पत्ते आणि मराठीतले फसवे मेसेज आपोआप कसे ओळखायचे, यावर काम करायला मराठी येणारा माणूस लागतो. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मुलाला मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा तीन-चार भाषा येतात, तेव्हा ही त्याची जमेची बाजू आहे. ‘आपल्याला धड एकही भाषा येत नाही’ असं रडत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. (यात मीही होतो.)

संशोधन म्हटलं की आपल्यासमोर पांढरा कोट येतो. इथे संशोधन म्हणजे बहुतेक वेळा ‘हे असंच का चालतं?’ हा हट्ट. काहींचा हट्ट गणिताचा असतो. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची खात्रीशीर आणि कार्यक्षम रीत सिद्ध केली. दोघं विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते. बँकेच्या संदेशांना कुलूप लावणाऱ्या अनेक पद्धती मोठ्या मूळ संख्यांवरच उभ्या आहेत, त्यामुळे हा शोध जगभर गाजला. आज याच भागातलं गरम काम म्हणजे पुढे येऊ घातलेल्या क्वांटम संगणकांना न उघडणारी कुलपं. अमेरिकेच्या मानक संस्थेने अशा कुलपांची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली, आणि आता जगभरच्या बँकांना, सरकारांना जुनी कुलपं बदलायची आहेत. अकरावीत ज्याला गणित आवडतं पण ‘याचा उपयोग काय’ असं घरचे विचारतात, त्याने हे उत्तर खिशात ठेवावं.

आता नोकरीकडे येतो, कारण आयांचा प्रश्न तोच असतो.

कॉसमॉसच्या रात्रीची पुन्हा कल्पना करा आणि कोण कोण माणसं लागली असती ते मोजा. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गुप्त इशारा दिला होता की येत्या काही दिवसांत जगभर एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याची मोठी टोळधाड येऊ शकते. असे इशारे गोळा करणं आणि ते आपल्या बँकेला लागू होतात का हे ओळखणं, ही एक नोकरी. रात्रंदिवस पडद्यासमोर बसून नोंदी बघणं, आणि एरवी शांत असणारी कार्डं एकदम २८ देशांत कशी काय चालली हे टिपणं, ही दुसरी. आधीच बँकेच्या परवानगीने आत घुसून भोकं शोधून देणं, ही तिसरी, आणि पोरांना हॅकर म्हणजे एवढंच वाटतं. चोरी झाल्यावर संगणकांच्या प्रती काढून, न्यायालयात टिकेल अशा रीतीने पुरावा जपणं, ही चौथी. घुसवलेला प्रोग्राम उकलून तो काय करतो हे सांगणं, ही पाचवी. त्यानंतर हिशेब तपासणारे, कायदा सांगणारे, पोलीस, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘अनोळखी जोडपत्र उघडू नका’ हे शंभराव्यांदा न चिडता सांगणारे.

यातली पहिली नोकरी बहुतेकांना मिळते ती पडद्यासमोर नोंदी बघण्याची. ती कंटाळवाणी असते, रात्रपाळी असते, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव घंटा खोट्या असतात. सिनेमातला हॅकर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळवतो, आपला माणूस पहाटे चार वाजता चहा पीत ‘हा फक्त पासवर्ड विसरलेला कारकून आहे’ असं लिहून पुढची घंटा बघतो. हे आधी सांगितलेलं बरं. ज्याला ते सहा महिने करूनही कुतूहल शिल्लक राहतं, तो टिकतो.

इंजिनिअर नसलेल्यांनाही इथे जागा आहे, आणि आपल्या घरांतून ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सीए झालेल्यांसाठी त्यांच्याच संस्थेचा माहिती-प्रणाली लेखापरीक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ठरवून दिली. सर्ट-इन या देशाच्या मुख्य सायबर संस्थेने २०२२ मध्ये नियम केला की घटना कळल्यापासून सहा तासांत कळवलंच पाहिजे. हे नियम प्रत्यक्षात पाळले जातात का, हे बघायला माणसं लागतातच, छोट्या पतपेढ्यांपासून मोठ्या बँकांपर्यंत.

शिकायचं कुठे? आपल्या पट्ट्यापुरतं सांगतो. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २००९ पासूनच्या गुजरातच्या विद्यापीठातून २०२० मध्ये राष्ट्रीय झालं. तिथे सायबर सुरक्षा आणि डिजिटल न्यायसहायक शास्त्र दोन्ही शिकवतात, आणि त्याची संकुलं गोव्यात आणि धारवाडमध्येही आहेत, म्हणजे बेळगावच्या मुलांना घराजवळ. पुण्याची सी-डॅक १९८८ची, तिचं केंद्र हैदराबादेतही आहे. पदवीनंतर तिथे माहिती-यंत्रणा व सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. कानपूर आयआयटीत वीज, पाणी अशा यंत्रणांच्या सुरक्षेवर संशोधन करणारं खास केंद्र आहे. पण बारावीच्या मुलाला माझा सल्ला वेगळा: पदवी संगणकशास्त्राची, गणिताची, इलेक्ट्रॉनिक्सची, जी मिळेल ती नीट करा, आणि सुरक्षा तिच्यावर चढवा. जाळं कसं चालतं हे न कळता ते तोडायला शिकणं म्हणजे सायकल न येता पंक्चर काढायला शिकणं. आणि ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर, नोकरीची हमी’ अशी पाटी दिसली की पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: मागच्या तुकडीतल्या दोन जणांशी बोलू द्याल का?

सरावासाठी पैसे लागतच नाहीत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘पिकोसीटीएफ’ हा शाळकरी मुलांसाठीचा खेळ फुकट आहे. कोडी सोडवायची, प्रत्येक कोड्यात लपवलेली ओळ शोधायची. ‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा खेळ लिनक्स शिकवतो, प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधावा लागतो. केरळच्या अमृता विद्यापीठाची मुलं या प्रकारच्या स्पर्धांत जगभर नाव कमावून आहेत, आणि तिथूनच शालेय मुलांसाठी भारतीय स्पर्धाही घेतली जाते. दोन-तीन मित्र मिळून खेळा, एकट्याने कंटाळा येतो.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. पोलिसांची भानगड आहे का?

वर सांगितलेल्या खेळांत घुसायची परवानगी खेळ देणाऱ्यानेच दिलेली असते. तीच करामत परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रावर केली की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागू शकतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्राचं इन्स्टाग्राम ‘गंमत म्हणून’ उघडणंही त्यात येऊ शकतं, आणि कॉलेजच्या निकालाच्या संगणकात डोकावणंही. हेतू चांगला होता, हे न्यायालयात सांगता येतं, पण तोवर न्यायालयात जावं लागलेलं असतं.

पण मला जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कॉसमॉसच्या चोरीमागचं डोकं कुणाचं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. खोटा स्विच बनवणारी ती माणसं पुण्याच्या न्यायालयात कधी उभी राहिली नाहीत. उभी राहिली ती भारतातली, बनावट कार्डं हातात घेऊन एटीएमपर्यंत गेलेली आणि त्यांना ती पुरवणारी माणसं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं आणि चार वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या. त्यांना संगणकातलं काही येत असण्याची गरजच नव्हती. कार्ड घालायचं, आकडा दाबायचा, नोटा मोजायच्या, एवढंच काम होतं.

आज हेच काम कॉलेजच्या मुलांकडे दुसऱ्या रूपात येतं. “तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.” “तुझ्या नावाचं एक सिम काढून दे.” टेलिग्रामवर येतं, कधी हॉस्टेलमधल्या सीनियरकडून येतं. चोरीचे पैसे अशा भाड्याच्या खात्यांतून फिरतात, आणि पोलीस माग काढत येतात तेव्हा पहिलं नाव खातेदाराचं असतं. खातं गोठतं, पासबुकावर बाबांचं नाव जोडलेलं असेल तर त्यांनाही बोलावणं येतं. ज्याला सायबर सुरक्षेत नोकरी करायची आहे त्याच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला, तर बँक किंवा सरकार त्याला आत घेताना दहादा विचार करील. कुणी दिलंच असेल खातं, तर घरी सांगा, बँकेत जाऊन ते बंद करा. आणि घरात कुणाचे पैसे गेलेच, तर लाजत बसू नका: १९३० हा क्रमांक लगेच फिरवा. जितका लवकर फोन, तितके पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. हाँगकाँगला गेलेल्या पैशांपैकीही ५.७२ कोटी रुपये नंतर परत मिळाले, ते खातं वेळेत गोठवलं गेलं म्हणून.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी तो मुलगा पुन्हा भेटला. मिरवणुकीतच मोबाइल पुढे केला. ‘दऱ्या’चे दोन हॅश काढले होते, वेगवेगळे आले होते. “काका,” तो म्हणाला, “पण मग आमच्या शाळेच्या यादीत माझं आडनाव शोधलं की कधीकधी सापडत नाही, ते यामुळेच का?” त्याच्या आडनावात ‘ऱ्हे’ आहे. मला उत्तर माहीत नव्हतं. त्यालाच म्हटलं, शाळेची परवानगी घे आणि बघ.